वय सांग, मत सांगतो

खांबेटेकाका माणसाचं नाव विचारत नाहीत, वय विचारतात. नाव त्यांच्या लेखी बिनकामाचं. ते आईबापांनी ठेवलेलं असतं, त्यात माणसाचं स्वतःचं असं काय? वय मात्र ज्याचं त्यानं कमावलेलं असतं.

आमची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. जर्मनीत, येनाला येऊन मला चार दिवस झाले होते. खांद्यावर तांदळाची दहा किलोची गोणी होती आणि गावाच्या लोबेडा भागातल्या त्या अकरा मजली इमारतीत आपला मजला सातवा की आठवा, याबद्दल मनात अजून थोडी शंका होती. लिफ्टमध्ये कानटोपी घातलेले एक उंच, सडपातळ गृहस्थ आधीच उभे होते. त्यांनी गोणीवरची अक्षरं वाचली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "वय?"

मी म्हणालो, एकोणतीस. त्यांनी डोळे मिटले, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले. सातवा मजला आला. मी उतरलो आणि दार बंद होता होता ते म्हणाले, "आल्झो, म्हणजे तुम्ही स्कॉटलंड वेगळं केलं असतंत."

लिफ्ट वर निघून गेली. पुण्याहून निघताना मी पुष्कळ गोष्टींची तयारी केली होती. हळद, हिंग, जर्मन भाषेची पहिली पायरी, थंडीचे बूट. स्कॉटलंडची जबाबदारी आपल्यावर येईल हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. घरी जाऊन ऋचाला, म्हणजे माझ्या बायकोला, हा प्रकार सांगितला तर ती म्हणाली, तांदूळ आधी खाली ठेव.

संध्याकाळी दारात काकू उभ्या. हातात आमटीचं पातेलं. म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी तुमचं वय विचारलं म्हणे. मनावर घेऊ नका. ते सगळ्यांनाच विचारतात." त्या आमटीनं आमचं नवव्या मजल्यावरच्या या घराशी जे नातं जुळलं ते आज नऊ वर्षं टिकून आहे. काकू मात्र आता नाहीत.

काकांचा सिद्धांत एका ओळीचा होता. "वय सांग, मत सांगतो." एखाद्या देशानं लोकांना विचारलं की बाबांनो, वेगळं व्हायचं की एकत्र राहायचं, तर म्हातारे म्हणतात एकत्र, तरुण म्हणतात वेगळं. दोन हजार चौदा साली स्कॉटलंडनं ब्रिटनपासून वेगळं व्हावं का यावर मतदान झालं, तेव्हा साधारण असंच घडलं. त्याआधी कॅनडात क्वेबेकच्या वेळीही असंच. जिथे असं घडलं नाही ते काकांच्या मते अपवाद. अपवादांची त्यांच्याकडे वेगळी वही होती आणि ती मूळ वहीपेक्षा जाड होती, पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

त्यांच्या स्वयंपाकघरात, काकूंच्या मराठी कॅलेंडरशेजारी, एक भलामोठा आलेखाचा कागद डकवलेला आहे. आडवे देश, उभी वयं, आणि मध्ये शिसपेन्सिलीच्या इवल्या इवल्या खुणा. काका इथल्या भिंगांच्या कारखान्यात आयुष्यभर काचा तपासत होते. काचेतला दोष समोरून दिसत नाही, तिरकं धरलं की दिसतो, असं ते सांगत. त्या कागदाकडेही ते मान वाकडी करून, एक डोळा बारीक करून बघतात. दुपारच्या उन्हात ते तसे उभे असले की वाटतं, कागदाच्या पलीकडे एखादं गाव आहे आणि तिथून कुणीतरी येताना दिसतंय का, हे ते न्याहाळतायत.

जर्मनीत कुणाला वय विचारणं हे आपल्याकडे पगार विचारण्याहून वाईट. पण काकांना त्याचं सोयरसुतक नाही. पाव विकणाऱ्या बाईला त्यांनी वय विचारलं. तिनं तुमचा काय संबंध असं विचारलं. काका म्हणाले, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणजे पंचेचाळीसच्या पुढे. तेव्हापासून ती बाई त्यांना कालचे पाव देते. चौथ्या मजल्यावरच्या फ्राउ पेट्झोल्ड सत्त्याऐंशीच्या. त्यांनी आधी कानावर हात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी प्लमचा केक घेऊन स्वतःच वय सांगायला आल्या. त्यांचा तर पूर्व जर्मनी हा अख्खा देशच एकदा दुसऱ्या देशात मिसळून गेलेला. काकांनी विचारलं, तेव्हा तुम्हाला विचारलं होतं का? त्या म्हणाल्या, विचारलं होतं, पण तेव्हा सगळे इतके घाईत होते. काकांनी कागदाच्या समासात फक्त 'घाई' एवढंच लिहिलं. ते अजून तिथे आहे.

माझ्या प्रत्येक वाढदिवसाला काका न चुकता फोन करतात. शुभेच्छा वगैरे नाही. "छत्तीस! सरकतोयस बरं का तू," एवढंच. म्हणजे मी वेगळ्याकडून एकत्राकडे सरकतोय. मी सरकतोय हे ऐकून त्यांना मनापासून बरं वाटतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. का बरं वाटतं ते कळायला वेळ लागला.

त्याचं असं आहे की काकांना एका कोड्यानं पछाडलं होतं. मत वयाचं असतं की पिढीचं? म्हणजे क्वेबेकमध्ये तेव्हा जे तरुण 'वेगळं' म्हणाले, ते आता केस पिकल्यावर 'एकत्र' म्हणू लागले का? की माणूस आपल्या मतासकट म्हातारा होतो? काका हा प्रश्न मला ट्रामच्या थांब्यावर विचारत, कपडे धुण्याच्या तळघरात विचारत, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे शेजारी बसून विचारला. मी सॉफ्टवेअरवाला. मी म्हणायचो, काका, दोन्ही असेल. त्यावर ते खिन्न होत. "दोन्ही असून नाही चालत रे. मला वयाचंच पाहिजे."

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे मतदानावर एवढा जीव असलेल्या या माणसानं जन्मात कधी मत दिलेलं नव्हतं. भारतात असताना पहिल्यांदा यादीत नावच नव्हतं. दुसऱ्यांदा नाव होतं पण काका टायफॉईडनं आडवे. तिसऱ्यांदा नाव होतं, तब्येत ठणठणीत होती, रांगेत दोन तास उभे राहिले आणि आत गेल्यावर कळलं की खांबेट्यांचं मत आधीच कुणीतरी देऊन गेलंय. मग ते येनाला आले. इथे तीस-पस्तीस वर्षं राहिले तरी पासपोर्ट भारताचाच ठेवला, त्यामुळे इथेही मत नाही. डाव्या हाताची तर्जनी वर करून ते म्हणत, बघ, कोरी. बाहत्तर वर्षं वापरून नवीकोरी.

जिला मत देता आलं अशी त्यांच्या घरात एकच व्यक्ती. मुग्धा.

मुग्धा काकांची एकुलती एक मुलगी, येनाच्या बालवाडीत वाढलेली. मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये. अठराव्या वर्षी तिनं जर्मन नागरिकत्व घेतलं.  तिचा भारतीय पासपोर्ट परत करायला काका तिच्याबरोबर स्वतः गेले, तिथल्या माणसानं पासपोर्टचा कोपरा कापून तो परत दिला तर म्हणाले, हा मी ठेवतो. अजून तो त्यांच्या चष्म्याच्या खणात आहे. पुढे ती शिकायला एडिंबराला गेली आणि तिथलीच झाली. चौदा साली ती बावीस वर्षांची होती आणि गंमत बघा, युरोपातल्या देशाची नागरिक, स्कॉटलंडची रहिवासी, म्हणून तिलाही त्या मतदानात मत होतं. खांबेटे घराण्यातलं पहिलं मत येनात नाही, गावी चिपळूणला नाही, एडिंबरात पडलं.

काकांनी त्या दिवशी फोन करून विचारलं, काय दिलंस? ती म्हणाली, "वालगेहाइमनिस, पापा." मतदान गुप्त असतं, बाबा.

झालं. तेव्हापासून काका दर रविवारी विचारतात आणि ती दर रविवारी तेच उत्तर देते. तो भिंतीवरचा कागद, त्या वह्या, वेगवेगळ्या देशांची गोळा केलेली कात्रणं, लिफ्टमधली चौकशी, हे सगळं कशासाठी तर आपल्या मुलीनं एका गुरुवारी एका कागदावर कुठल्या चौकोनात फुली मारली हे वयावरून काढता येतं का, हे बघण्यासाठी. आणि नशीब असं की सोळा-सतराच्या पोरांबद्दल सगळे अंदाज एका बाजूला, साठीच्या लोकांबद्दल सगळे दुसऱ्या बाजूला, नेमकं बावीसच्या आसपास एका पाहणीत एक तर दुसरीत दुसरं. काका म्हणत, "अख्ख्या स्कॉटलंडचं कळलं, माझ्याच घरातलं तेवढं कळेना."

एडिंबरा त्यांनी पाहिलेलं नाही. व्हिसाचा अर्ज भरून ठेवलाय. मुग्धा म्हणते, केव्हाही ये. काका मला म्हणाले, "केव्हाही म्हणजे कॅलेंडरमध्ये कुठल्या चौकोनात लिहायचं?"

पण न पाहिलेलं ते मतदान केंद्र मात्र त्यांनी मला इतक्यांदा दाखवलंय की मला ते स्वप्नातही ओळखू येईल. शाळेचा हॉल. लाकडी जमीन, तिला मेणाचा वास. भिंतीवर पोरांनी रंगवलेले मासे. लाकडी आडोसा, त्यात दोरीला बांधलेली पेन्सिल. मुग्धा आत येते. कधी तिच्या अंगात निळा कोट असतो, कधी हिरवा, आणि काका फार थकलेले असले की तिनं काकूंची मोहरीच्या रंगाची शाल घेतलेली असते. ती पेन्सिल उचलते. इथे काका नेहमी थांबतात. तिचा हात दिसतो, फुली दिसत नाही. बाल्कनीत बसून हे सांगत असताना खाली साले नदीवर धुकं साठत असतं, समोरच्या टेकड्या कमरेपासून वर तेवढ्या उरलेल्या असतात आणि नवव्या मजल्यावर आम्ही दोघं कुठे बसलोय हे मलाही नीट सांगता येत नाही.

हे असंच चालू राहिलं असतं. पण गेल्या वर्षी येनाच्या मराठी मंडळींना स्वातंत्र्याची हाक ऐकू आली.

आम्ही इथले तीसेक लोक वर्षानुवर्षं लायपझिगच्या गणपतीला जायचो. तिथे मोठा हॉल, ढोलपथक, झगमगाट. गणपती झाल्यावर कुणीतरी व्हॉट्सॲपवर लिहिलं, की आपला वेगळा गणपती का नको? त्या एका वाक्यानं महिनाभर घराघरात तट पडले. लायपझिगला ठेवणीतल्या आरत्या आहेत, आपल्याला आरतीची दोनच कडवी येतात, इथपासून ते आपण काय कायम दुसऱ्याच्या मखरासमोर हात जोडायचे का, इथपर्यंत. शेवटी ठरलं की मतदान घ्यायचं. निवडणूक अधिकारी कोण, हे ठरवायला मतदान लागलं नाही.

काका तीन आठवडे झपाटले होते. ख्रिसमसच्या केकचा पत्र्याचा डबा आणला, झाकणाला चीर पाडली. न्हाणीघराचा पडदा काढून आडोसा केला. पेन्सिल दोरीनं बांधली. बोटाला लावायला काचेवर खुणा करायची काळी शाई आणली, ती त्यांनी निवृत्त होताना कारखान्यातून आठवण म्हणून घेतली होती. आणि चिठ्ठ्या तीन रंगांच्या. तिशीच्या आतल्यांना पिवळी, तीस ते साठ पांढरी, साठीच्या वर गुलाबी. मी म्हटलं, रंग कशाला? नुसतं मोजू. ते म्हणाले, "मला कोण जिंकलं ते नकोय रे. कुठल्या वयानं काय दिलं ते हवंय."

अडचण एकच होती. येनात साठीच्या वरचा मराठी मतदार एकच, स्वतः काका. एकट्याचं मत गुप्त राहत नाही हे त्यांच्या बरोबर लक्षात आलं. त्याच वेळी माझ्या सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. पाहुण्यांना मत कसं, असं कुणीतरी विचारलं, तर काकांनी फैसला दिला की जी व्यक्ती इथे रोज बारा पोळ्या लाटते ती रहिवासीच. सासूबाई सदुसष्टच्या. गुलाबी गट दोघांचा झाला. काकांनी समाधानानं मान हलवली. सासूबाईंना ते ओळखत नव्हते.

त्या तीन आठवड्यांत ते भेटेल त्याला एकत्र राहण्याचे फायदे सांगत होते, निवडणूक अधिकाऱ्यानं प्रचार करू नये हे मी दोनदा सुचवूनही. तुटायला पेन्सिल पुरते, जोडायला माणसं लागतात, असं काय काय. त्यामुळे काका कुठे मत देणार याबद्दल कुणाला शंका नव्हती.

मतदान झालं. काका शेवटी गेले. पडद्याआड ते इतका वेळ होते की ऋचा म्हणाली, बरं वाटत नाहीये का त्यांना? बाहेर आले, स्वतःच्या बोटाला स्वतः शाई लावली, आणि ते बोट कितीतरी वेळ उजेडात धरून बघत राहिले. आयुष्यातलं पहिलं मत.

मग निकाल. सिद्धांताचे तीन तेरा वाजले. पिवळ्या चिठ्ठ्या, म्हणजे तरुण पोरं, जवळजवळ सगळी एकत्र; त्यांना लायपझिगचं ढोलपथक हवं होतं. पांढऱ्या चिठ्ठ्या भरघोस वेगळं. आम्हा संसारी लोकांना स्ट्रोलर आणि डबे घेऊन तास-सव्वा तास रेल्वेचा प्रवास नको होता. काकांनी हे वाचताना पुटपुटत नोंद केली, की माणूस मत वयानं देत नाही, गुडघ्यानं देतो. मग शेवटच्या दोन चिठ्ठ्या उलगडल्या. 

"गुलाबी. एक एकत्र. एक वेगळं."

सासूबाई चिवड्याची बशी हातात घेऊन म्हणाल्या, "माझं एकत्र हं. लायपझिगला ती पैठणीवाली येते म्हणे."

तीस माणसांनी एकाच वेळी वजाबाकी केली.  काकांचे कान लाल झाले. त्यांनी कागदाची घडी घातली, वेगळं जिंकलं असं जाहीर केलं, डबा काखेत मारला आणि न्हाणीघराचा पडदा विसरून निघून गेले.

आठवडाभर काका दिसले नाहीत. पाववाल्या बाईनंही ऋचाजवळ चौकशी केली. इकडे सासूबाई हवालदिल. मी काय चुकीचं बोलले, मी माझंच तर सांगितलं, असं त्या दिवसातून चारदा म्हणत आणि पाचव्यांदा नारळ खवायला घेत. रविवारी त्यांनी वड्यांचा डबा माझ्या हातात दिला, वर तो पडदाही धुऊन, घडी करून.

दुपारचे पावणेचार. ऑक्टोबरातलं धुकं त्या दिवशी उठलंच नव्हतं. नवव्या मजल्यावर दार उघडंच होतं. काका बाल्कनीच्या काचेजवळ बसलेले, खाली ना नदी, ना रस्ता, नुसतं दूध. सिंकमध्ये भांडी होती, ती त्यांनी घासायला घेतलेली दिसत होती. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या बोटाकडे गेलं. शाई तशीच्या तशी होती. ती शाई पाण्यानं जाते, आम्हा सगळ्यांची दुसऱ्या दिवशी गेली होती. मी बघतोय हे पाहून ते ओशाळून म्हणाले, भांडी घासताना ते बोट वर धरतो.

मी विचारलं, काका, तुम्ही वेगळं का दिलंत? ते म्हणाले, वड्या छान झाल्यात.

मग घड्याळाकडे बघत ते आपणहून बोलायला लागले. म्हणाले, पूर्वी दर रविवारी चार वाजता फोन यायचा तो कुमुदसाठी, तुझ्या काकूसाठी असायचा. मायलेकी तास-तास बोलायच्या. कोथिंबीर कुठे मिळते इथपासून सगळं. मी इथेच बसून पेपर वाचायचो. शेवटी कुमुद म्हणायची, थांब, बाबांना देते. माझ्या वाटणीचं एक मिनिट असायचं. त्यात काय विचारणार? मत विचारायचो. ती हसायची, फोन संपायचा. मग कुमुद गेली. आणि तो सगळा तास माझ्या हातात आला.

"मला एकच प्रश्न येत होता रे," काका म्हणाले. "तोच विचारत राहिलो."

मी म्हटलं, काकूंना माहीत असेल की मुग्धानं काय दिलं ते. काका म्हणाले, होतं ना. पक्कं माहीत होतं. मी विचारलं तर म्हणाली, मतदान गुप्त असतं. आमच्या घरात लोकशाही फार कडक.

मला तेव्हा या माणसाबद्दल माया दाटून आली, आणि इतकी वर्षं ही सगळी गंमत म्हणून लोकांना सांगत फिरलो याची लाजही वाटली. मुलीनं 'वेगळं' दिलं असेल तर ती तोडणाऱ्यांतली, 'एकत्र' दिलं असेल तर कधीतरी येणाऱ्यांतली, एवढा साधा हिशेब काका अकरा वर्षं मांडत होते. आणि मत वयाचं असलं तर बावीसला तोडणारी पोरगी तेहतिसाव्या वर्षी थोडीतरी इकडे सरकली असेल, ही आशा.

चार वाजता फोन वाजला. मी उठलो तर काकांनी हातानं बस म्हणून खुणावलं. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि त्याच्यापुढे हात जोडल्यासारखे बसतात.

"हालो पापा, आलेस गूट?" सगळं ठीक ना, असा मुग्धाचा आवाज.

सगळं छान, असं काकांनी मराठीत सांगितलं. गुडघा ठीक, हवा अशी, धुकं. तिनं तिकडची हवा सांगितली. दोन मिनिटांत नेहमीची सामग्री संपली आणि मग ती शांतता आली, जिच्यात काका नेहमी तो प्रश्न विचारतात. तीही तिकडे थांबली होती, बहुतेक ओठांवर उत्तर घेऊन.

काका म्हणाले, "आमच्याकडे मतदान झालं."

तिनं जर्मनमध्ये विचारलं, कसलं? काकांनी गणपती, डबा, पडदा, सगळं सांगितलं. ती खळखळून हसली. मग म्हणाली, बाबा, पण म्हणजे तुझं पहिलं मत! काय दिलंस?

"सगळ्या येनाला कळलंय," काका म्हणाले. "तुलाच तेवढं सांगायचं राहिलं होतं. वेगळं दिलं."

तिकडून मग हळूच, जर्मनमध्येच, का?

काका बोटावरची शाई अंगठ्यानं चाचपत होते. म्हणाले, "बघायचं होतं. पेन्सिल हातात घेऊन तिथे फुली मारताना माणसाला काय वाटतं ते. मला वाटायचं, कुणाचा तरी राग येत असेल, कुणाला तरी सोडून चाललोय असं वाटत असेल. तसं काही नाही वाटलं गं. उलट सगळे आठवले. लायपझिगचे ते आरतीवाले जोशीसुद्धा आठवले." ते थांबले. "म्हणजे तू तेव्हा काहीही दिलं असशील, तरी त्याचं काही नाही. एवढंच सांगायचं होतं."

बाहेर धुक्यात कुठेतरी ट्रामची घंटा वाजली. मी वडीचा तुकडा तोंडात तसाच धरून बसलो होतो.

मग मुग्धा बोलली ती मराठीत. इतक्या वर्षांत मी तिचं सलग मराठी ऐकलं नव्हतं. प्रत्येक शब्द ती जपून ठेवत होती, बशीत गरम चहा ओतावा तसा.

"बाबा, मी सांगू तुला? मी त्या दिवशी..."

"थांब," काका म्हणाले.

त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. अकरा वर्षं ज्या उत्तरासाठी वह्या भरल्या, जगातले देश भिंतीवर चिकटवले, ते उत्तर समोर टेबलावर आलं होतं. ते भिंतीवरच्या कागदाकडे बघत होते, त्याच्या शेजारच्या काकूंच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"आज नको सांगूस," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी विचारीन."

 मग ती म्हणाली, "बरं. पण विचार हं बाबा, नक्की."